श्वास रोखू नका : सोलापूरहून पहिल्या स्कुबा डाइव्हला जाताना

सोलापूर जिल्ह्यात पोहायला शिकलेल्या बहुतेक मुलांची पहिली शाळा म्हणजे शेतातली विहीर. पाठीला डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधायचा, घरातल्या थोरल्या माणसाने काठावरून पाण्यात ढकलायचे, आणि हातपाय मारता येऊ लागले की तळाचा दगड वर आणून दाखवण्याची पैज लागायची. या शिक्षणात दोन सवयी अंगी बाणतात : दम कोंडून धरणे आणि कान दुखले तरी खाली जात राहणे. स्कुबा डायव्हिंगमध्ये, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली श्वास घेत फिरण्यात, नेमक्या याच दोन सवयी धोक्याच्या आहेत. म्हणूनच ज्याला मुळीच पोहता येत नाही असा विद्यार्थी पहिल्या डाइव्हमध्ये कधीकधी पट्टीच्या पोहणाऱ्यापेक्षा शांत राहतो. त्याला काही विसरायचे नसते.

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मित्रांबरोबर मालवणला गेलो होतो. रात्रभर गाडीत बसून पहाटे पोहोचलो, डोळे चोळत बोटीवर चढलो आणि अंगात सर्दी असतानाही पाण्यात उतरलो. तीन-चार मीटरवर कानात अशी कळ आली की प्रशिक्षकाने मला लगेच वर आणले. त्या दिवशी मी समुद्राचा तळ पाहिलाच नाही. दोन वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा सगळे सुरळीत झाले, कारण मधल्या काळात काय चुकले ते समजून घेतले होते. पुढील मार्गदर्शन त्या समजुतीवर आधारलेले आहे.

दिवसांची मांडणी

सोलापूरहून मालवण-तारकर्लीचे अंतर पावणेचारशे ते चारशे किलोमीटर आहे. मंगळवेढा, सांगोला, मिरज या मार्गाने कोल्हापूर, आणि तिथून राधानगरी, दाजीपूर व फोंडाघाट उतरून कणकवलीमार्गे मालवण हा एक सोयीचा रस्ता आहे. एस.टी.ने जायचे असल्यास आणि थेट गाडी न मिळाल्यास कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर गाडी बदलावी. कोकण रेल्वेची कणकवली, सिंधुदुर्गनगरी आणि कुडाळ ही स्थानके मालवणच्या वाटेवर आहेत, परंतु सोलापूरकरांना तिथवर पोहोचण्यासाठी मोठा वळसा पडतो. जानेवारीत निघालात तर मंगळवेढ्याच्या शिवारात मालदांडी ज्वारी कणसांवर आलेली असते आणि त्याच दिवशी संध्याकाळी माडांच्या रांगा दिसू लागतात; हा प्रवास दिवसाउजेडी करावा असे मला वाटते, आणि त्यामागे केवळ निसर्गाचे कारण नाही.

तीन दिवसांची जोडून सुट्टी हवी. पहिला दिवस जाण्याचा, मधला दिवस डाइव्हचा, तिसरा परतीचा. दोन दिवसांत उरकण्याचा मोह अनेकांना होतो. रात्री निघायचे, सकाळी डाइव्ह, संध्याकाळी परत. ही योजना दोन्ही टोकांना चुकीची आहे. झोप न झालेल्या शरीराला बोट लागते आणि धीरही लवकर सुटतो, ही एक बाजू. दुसरी बाजू आपण पठारावर राहतो म्हणून उद्भवते. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात शरीरात विरघळतो आणि वर आल्यावर तो काही तासांत हळूहळू बाहेर पडतो. या काळात माणूस उंचावर, म्हणजे विरळ हवेत गेला, तर या नायट्रोजनचे शरीरात बुडबुडे होऊन इजा होण्याची शक्यता वाढते. म्हणूनच एका डाइव्हनंतर किमान १२ तास विमानात बसू नये असा संकेत आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच आहे, कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास, आणि परतीच्या वाटेवर घाट चढावाच लागतो. पाच-सात मीटर खोलीवरच्या पंधरा-वीस मिनिटांच्या डाइव्हनंतर हा धोका अगदी कमी असतो, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही एक रात्र किनाऱ्यावर झोपून निघणे हा सर्वांत सोपा उपाय असताना तो टाळण्याचे कारण नाही.

सुट्टी निवडताना दिनदर्शिकेतील तिथीही पाहावी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण असते, भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो, प्रवाह जोराचे असतात आणि तळाची वाळू ढवळली जाऊन पाणी गढूळ होते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा हा फरक कमी असतो आणि पाणी तुलनेने निवांत राहते. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कोणत्या वेळी बोट सोडावी हे स्थानिकांना विचारूनच ठरवावे. हंगामाच्या दृष्टीने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पावसाळ्यात हे सर्व बंद असते, आणि मे महिन्याच्या अखेरीस समुद्राचा रंग बदलू लागतो. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि त्यात दोन जणांचा मृत्यू झाला. परीक्षा संपल्या म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात जाण्याचा बेत करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही घटना ध्यानात ठेवावी आणि सहल दिवाळीनंतर ढकलावी.

निघण्यापूर्वी सोलापुरात

माझ्या मते डाइव्हची निम्मी तयारी घरी होते. पहिले काम वैद्यकीय आहे. कोणत्याही जबाबदार केंद्रावर डाइव्हपूर्वी एक आरोग्यविषयक प्रश्नावली भरून घेतात. दमा, हृदयविकार, फिट येणे, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, कानाचा पडदा फाटलेला असणे, गर्भारपण, नेहमीची औषधे असे प्रश्न त्यात असतात. सहलीला आलेले विद्यार्थी, मित्रांपुढे कमीपणा नको म्हणून किंवा भरलेले पैसे वाया जातील म्हणून, सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळे होतात. असे मुळीच करू नये. लहानपणी दमा होता आणि आता त्रास नाही, एवढी माहितीसुद्धा महत्त्वाची असते, कारण आकुंचन पावलेल्या श्वासनलिकेत अडकलेली हवा वर येताना प्रसरण पावते आणि फुफ्फुसाला इजा करू शकते. शंका असल्यास निघण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे. मालवणच्या जेटीवर उभे राहून हा निर्णय घेता येत नाही.

दुसरे काम कानांचे. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, नाकातून हळुवार हवा सोडण्याचा प्रयत्न केला की दोन्ही कानांत ‘टक्’ असा आवाज येतो. घसा आणि मधला कान यांना जोडणारी नळी उघडल्याची ती खूण आहे. आठवडाभर रोज चार-पाच वेळा हा सराव करावा. जोर लावू नये. जोर लावून नळी उघडत नाही, पडद्याला मात्र इजा होऊ शकते. काहींना आवंढा गिळल्याने किंवा जबडा पुढे सरकवल्याने कान मोकळे करता येतात; आपल्याला कोणती रीत साधते ते आधीच कळलेले बरे. निघण्याच्या दिवशी सर्दी असेल, तर सहलीला जरूर जावे, पण डाइव्ह करू नये. नाक मोकळे करणारे औषध घेऊन उतरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, कारण औषधाचा असर पाण्याखाली असतानाच ओसरला तर वर येताना कान किंवा कपाळाच्या पोकळीत हवा अडकते.

तिसरे काम श्वासाचे. स्कुबाच्या मास्कमध्ये नाक झाकलेले असते आणि सर्व श्वास तोंडाने घ्यावा लागतो. आयुष्यभर नाकाने श्वास घेतलेल्या माणसाला हे विचित्र वाटते, आणि पहिल्या मिनिटाला वाटणाऱ्या भीतीचे मूळ बहुधा यातच असते. नाकाला चिमटा लावून पाच-दहा मिनिटे तोंडाने संथ श्वास घेत पुस्तक वाचावे. चार अंक मोजेपर्यंत आत, सहा अंक मोजेपर्यंत बाहेर, आणि मध्ये थांबणे नाही. महापालिकेच्या जलतरण तलावावर जाता येत असेल तर स्नॉर्कल, म्हणजे पाण्यावरची हवा तोंडाशी आणणारी नळी, लावून चेहरा पाण्यात ठेवून उभे राहावे. अशा दोन दिवसांच्या सरावाने पुढे पुष्कळ फरक पडतो.

चष्मा मास्कखाली बसत नाही. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, मात्र पाण्यात डोळे मिटून घेण्याची वेळ येऊ शकते हे ध्यानात असावे. पाण्याखाली वस्तू साधारण एकतृतीयांशाने मोठ्या आणि जवळ दिसतात, त्यामुळे कमी नंबर असलेल्यांचे चष्म्यावाचून फारसे अडत नाही. भरघोस मिशी असल्यास मास्कची कड चेहऱ्याला नीट चिकटत नाही आणि पाणी झिरपते; नाकाखालची मिशी थोडी कातरून घेतलेली बरी. मुलींनी केस घट्ट बांधावेत आणि एकही बट मास्कच्या आत राहू देऊ नये.

कोणाबरोबर उतरावे

मालवण, तारकर्ली, देवबाग, दांडी या पट्ट्यात स्कुबा करून देणारे अनेक व्यावसायिक आहेत. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्रही आहे, जिथे आधी तलावात सराव करून घेण्याची सोय आहे. दर हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून दराआधी पुढील गोष्टी विचाराव्यात : पाण्याखाली प्रत्येक नवख्यामागे एक प्रशिक्षक असतो का, त्याच्याजवळ कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र आहे, बोटीला परवाना आहे का, बोटीवर प्राणवायूचा सिलिंडर आणि प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आहे का, आणि खाली नेण्यापूर्वी उथळ पाण्यात सराव करून घेतात का. या प्रश्नांची उत्तरे जो शांतपणे देतो त्याच्याकडे जावे. प्रश्न विचारल्याने जो चिडतो, किंवा ‘काही शिकावे लागत नाही, आम्ही धरून नेतो’ असे सांगून विषय संपवतो, त्याच्याकडे दर निम्मा असला तरी जाऊ नये. छायाचित्रणाचा तपशील सर्वांत शेवटी विचारावा.

स्कुबाची नुसती ओळख करून देणाऱ्या अशा पहिल्या डाइव्हसाठी पोहता येण्याची अट सहसा नसते आणि प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या नियमांनुसार प्रमाणपत्र नसलेल्या नवख्याला फार तर १२ मीटरपर्यंत नेता येते. मालवणच्या किनाऱ्याजवळ प्रत्यक्षात याच्या निम्म्याच्या आसपास खोली असते. याला कमी लेखू नये. समुद्रात दर १० मीटरला सुमारे एका वातावरणाइतका, म्हणजे पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाइतका, दाब वाढतो, म्हणजे पहिल्या १० मीटरमध्येच दाब दुप्पट होतो. तो पुन्हा दुप्पट व्हायला ३० मीटर गाठावे लागतात. कानांची खरी परीक्षा या उथळ टप्प्यातच असते.

पाण्यात उतरण्यापूर्वी आणि नंतर

आदल्या रात्री मद्यपान नको, जागरण नको. सकाळी दोन तास आधी हलका नाश्ता करावा. घरून बांधून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी इतर वेळी उत्तम शिदोरी असली, तरी तिखट आणि तेलकट पदार्थ बोट हलू लागल्यावर त्रास देतात. घावने किंवा केळी बरी. बोटीत क्षितिजाकडे पाहत बसावे. लाइफ जॅकेट बोटीत पाय ठेवण्यापूर्वी घालावे आणि स्कुबाचा पोशाख चढवेपर्यंत काढू नये; परतीच्या वाटेवर ते पुन्हा घालावे, कारण डाइव्ह संपल्याच्या आनंदात नेमका त्याचाच विसर पडतो.

पाठीवर जी टाकी बांधतात तिला बरेच लोक ‘ऑक्सिजन’ म्हणतात. तिच्यात साधी, गाळून दाबाखाली भरलेली हवाच असते. त्या दाबाखालील हवा हवी तेव्हा, हवी तितकी आणि आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाला जुळेल अशी तोंडाशी आणून देणे हे रेग्युलेटरचे काम. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी असा रेग्युलेटर तयार केला आणि तिथून आजचे स्कुबा सुरू झाले. विहिरीत शिकलेल्यांनी हे यंत्र नीट समजून घेणे फार आवश्यक आहे. विहिरीत आपण काठावरची हवा छातीत भरून बुडी मारतो; खाली ती हवा आक्रसते आणि वर येताना मूळ आकारावर येते, म्हणून दम कोंडून वर आले तरी काही बिघडत नाही. स्कुबामध्ये मात्र आपण खालच्या दाबाची हवा छातीत भरतो. १० मीटरवर भरलेली छाती घेऊन दम रोखून वर आलो, तर रसायनशास्त्राच्या वर्गात शिकलेल्या बॉइलच्या नियमाप्रमाणे ती हवा दुप्पट जागा मागते, आणि फुफ्फुसांत तेवढी जागा नसते. दीड-दोन मीटरचा फरकही इजा करायला पुरतो. स्कुबाचा पहिला नियम त्यामुळे एकच आहे : श्वास कधीही रोखायचा नाही. घाबरलात तरी, मासा दिसला तरी, छायाचित्रासाठी स्थिर राहायचे असले तरी.

मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवून नाकाने हलका श्वास आत घ्यावा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर मापाचा आहे. आतून काच धुके धरू नये म्हणून थोडी थुंकी चोळून विसळण्याची पद्धत जगभर आहे, तिची लाज वाटू देऊ नये. रेग्युलेटर दातांत हलके धरावा आणि ओठ भोवती मिटावेत. दात आवळून धरले तर जबडा दुखून येतो. कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा बांधतात. बोटीवर हे सारे ओझे असह्य वाटते आणि पाण्यात शिरताच ते नाहीसे होते.

पाण्याखाली बोलता येत नसल्याने खुणा पाठ असाव्यात. अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ म्हणजे ‘मी ठीक आहे’. पंजा पसरून डावीउजवीकडे हलवणे म्हणजे ‘काहीतरी अडचण आहे’, आणि त्यानंतर ज्या अवयवाला त्रास आहे तिकडे बोट दाखवावे. अंगठा खाली म्हणजे ‘खाली जाऊ’. अंगठा वर म्हणजे मात्र ‘वर जाऊ’, ‘छान आहे’ नव्हे. जमिनीवरच्या सवयीने अनेक जण मासे पाहून आनंदाने अंगठा वर करतात, आणि प्रशिक्षक कर्तव्यबुद्धीने त्यांना वर घेऊन जातो.

पाण्यात शिरल्यावर पहिले मिनिटभर घाई करू नये. बोटीची शिडी किंवा दोर धरून चेहरा पाण्यात ठेवावा आणि दहा-बारा श्वास घ्यावेत. स्वतःच्या श्वासाचा मोठा आवाज ऐकू येतो, त्याची सवय होऊ द्यावी. मग खाली जायला सुरुवात झाली की अर्ध्या मीटरवरच कान मोकळे करावेत, आणि पुढेही प्रत्येक अर्ध्या-एक मीटरला, दुखण्याची वाट न पाहता. दुखू लागल्यावर नळी दाबली गेलेली असते आणि प्रयत्न फुकट जातो. तसे झाल्यास खूण करावी, थोडे वर यावे, पुन्हा प्रयत्न करावा. चांगला प्रशिक्षक यासाठी थांबतो. तीन-चार प्रयत्नांनंतरही कान मोकळे झाले नाहीत तर वर यावे. यात अपयश काही नाही, त्या दिवशी कान तयार नव्हते इतकेच.

मास्कमध्ये थोडे पाणी आले तर दचकू नये, कारण श्वास तोंडाने चालू आहे. मास्कची वरची कड कपाळाशी दाबून धरावी, मान किंचित वर करावी आणि नाकातून हवा सोडावी. पाणी खालून निघून जाते. खोकला आला तर रेग्युलेटर तोंडात ठेवूनच खोकावे.

हे सारे जमले की मग पाहण्यासारखे पुष्कळ आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसराचा समावेश असलेले मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले, आणि इथल्या खडकांवर प्रवाळ, समुद्रफुले, काटेरी साळिंदरासारखे सी अर्चिन आणि माशांचे थवे आढळतात. पिवळसर पाठीवर पाच काळे पट्टे असलेले सार्जंट मेजर मासे तर अगदी चेहऱ्यापर्यंत येतात. लाल रंग पाण्यात सर्वांत आधी विरतो, त्यामुळे काही मीटरवर सगळे निळसर-हिरवे दिसते. कशालाही हात लावू नये, खडकावर उभे राहू नये. बिस्किटे किंवा पाव देऊन मासे गोळा करण्याची रीत मला पटत नाही. तो त्यांचा आहार नव्हे. प्रशिक्षकाला आधीच तसे नम्रपणे सांगावे.

वर येताना वेग प्रशिक्षकाच्या हाती असतो. आपण सोडलेल्या बारीक बुडबुड्यांपेक्षा वेगाने वर जायचे नाही आणि श्वास चालू ठेवायचा, एवढेच आपले काम.

वर आल्यानंतर

भरपूर पाणी प्यावे. दुपारी जेवून विश्रांती घ्यावी आणि उन्हे कलल्यावर मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग पाहायला जावे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर ज्याच्या बांधकामाला आरंभ केला त्या किल्ल्यात दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. खाऱ्या पाण्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाला त्यांचे मोल निराळेच कळते. शेवटची बोट केव्हा परतते ते आधी विचारून घ्यावे.

रात्री वहीत तारीख, ठिकाण, खोली, पाण्याखालील मिनिटे आणि कान कोणत्या रीतीने मोकळे झाले ते लिहून ठेवावे. पुढे ओपन वॉटरचे प्रमाणपत्र घ्यायचे असेल, ज्याने १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर उतरता येते, तर या नोंदी उपयोगी पडतात. तो अभ्यासक्रम तीन-चार दिवसांचा असतो आणि त्यासाठी पोहता आणि तरंगता यावे लागते. दिवाळीच्या सुट्टीत तो बसू शकतो.

मास्क काढताना नाकातून थोडे रक्त दिसले तर बहुधा ते सायनसवरच्या दाबाने आलेले असते आणि लवकर थांबते. परंतु चक्कर, सांधेदुखी, अंगात मुंग्या, छातीत दुखणे, श्वास लागणे किंवा अचानक कमी ऐकू येणे यांपैकी काहीही झाल्यास घाटाकडे न निघता तिथल्याच रुग्णालयात जावे आणि आपण स्कुबा केले आहे हे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघावे. फोंडाघाट चढताना कान पुन्हा ‘टक्’ करतील. आवंढा गिळला की मोकळे होतील. सोलापूरला पोहोचून दोन-तीन दिवसांनंतरही कानांना दडे बसल्यासारखे वाटत राहिले, तर तेलाचे थेंब वगैरे घरगुती उपाय न करता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, आणि त्यांनी तपासून सांगेपर्यंत विहिरीतही बुडी मारू नये.